अठराव्या शतकातील लांब मोजा: हाताने आणि यंत्रावर विणण्याची पद्धत

पेशवाईवरच्या नाटकांत आणि मालिकांत कंपनी सरकारचा वकील रंगमंचावर येतो तेव्हा त्याची टोपी, कोट आणि तलवार यांवर बरीच मेहनत घेतलेली दिसते. पण नजर गुडघ्याखाली गेली की बहुतेक वेळा फुटबॉलच्या खेळाडूचे पांढरे नायलॉनचे मोजे दिसतात. १७८६ मध्ये पुण्याच्या दरबारी रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मॅलेटच्या काळातील इंग्रज पुरुषाची विजार गुडघ्याशी संपत असे आणि तिच्याखालचा सगळा पाय मोज्यानेच झाकलेला असे. त्यामुळे मोजा चुकला की सगळा वेष चुकल्यासारखा वाटतो. हा लेख वेषभूषाकारांसाठी आहे, तसाच सुलट-उलट टाक्यांवर हात बसलेल्या आणि एखादी जुनी वस्तू जशी होती तशी करून पाहण्याची हौस असलेल्या विणकरांसाठीही आहे. मी येथे १७५० ते १७९० या काळातील इंग्रजी पुरुषी मोजा धरला आहे. बायकांचा मोजाही घडणीने बराचसा असाच असे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. आजचा मोजा रबरी धाग्यावर किंवा वरच्या दोन-सुलट-दोन-उलट पट्टीच्या ताणावर पायाला धरून राहतो. त्या काळी रबरी धागा नव्हता आणि वरची ताणाची पट्टीही सहसा नसे. मोजा पायावर बसे तो टाके कमी करून दिलेल्या आकारामुळे, आणि वर राही तो गुडघ्याशी बांधलेल्या फितीमुळे, म्हणजे गेटिसमुळे. लवचीकपणाचे काम आकाराकडून करून घ्यायचे, हे एकदा कळले की पुढचे निर्णय आपोआप सुचू लागतात.

हाताचा की यंत्राचा

‘जुने म्हणजे हाताने विणलेले’ हा समज आधी दूर केला पाहिजे. नॉटिंगहॅमशायरमधील कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणण्याची चौकट, म्हणजे विणकामाचे यंत्र, तयार केली. राणी एलिझाबेथने तिला मक्ता दिला नाही असे परंपरेने सांगितले जाते. ली पुढे फ्रान्समध्ये गेला आणि तिकडेच वारला. पण चौकट टिकली. १६५७ मध्ये लंडनच्या चौकटीवाल्या विणकरांच्या संघाला सनद मिळाली आणि अठराव्या शतकात सभ्य गृहस्थाच्या पायातले रेशमी किंवा सुती मोजे बहुधा चौकटीवरचेच असत. जेडेडाया स्ट्रट याने १७५८-५९ च्या सुमारास डार्बीत त्या चौकटीला जोडयंत्र बसवून उभ्या रेघांचे मोजेही शक्य केले. हाताने विणलेले जाड लोकरी मोजे खलाशी, शेतकरी, शिपाई आणि कामकरी लोक वापरत, आणि इंग्लंडमधील डेंट खोरे किंवा स्कॉटलंडची शेटलंड बेटे यांसारख्या भागांत मोजे विणणे हा घरोघरचा जोडधंदा होता.

म्हणजे पहिला प्रश्न पात्र कोण, हा आहे. दरबारात बसलेला वकील असेल तर बारीक सुताचा, मागे शिवण असलेला, यंत्राचा मोजा हवा. गलबतावरचा खलाशी किंवा पलटणीतला गोरा शिपाई असेल तर हाताचा, लोकरीचा. मी हाताच्या मोज्यावर जास्त थांबणार आहे, कारण आकाराचे तर्कशास्त्र त्यात उघडे दिसते आणि यंत्रावरही तेच वापरायचे असते.

धागा

त्या काळच्या चांगल्या लोकरी मोज्याचा धागा लांब तंतूच्या, विंचरलेल्या लोकरीचा, घट्ट पीळ दिलेला आणि दोन किंवा तीन पदरी असे. पिंजून कातलेली फुगीर लोकर लवकर झिजते आणि तिचे टाकेही स्पष्ट दिसत नाहीत. आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ म्हणून जे मिळते त्यात ॲक्रिलिकच अधिक असते. शंका आल्यास धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा. खरी लोकर जळलेल्या केसांसारखा वास देते आणि तिची राख बोटांनी चुरडते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. असा धागा या कामासाठी घेऊ नये, कारण तो वाफेने किंवा ओला करून आकार धरत नाही आणि आकार धरणे हेच तर येथले मुख्य काम आहे.

आपल्या हवामानात सुती मोजा अधिक सोयीचा आहे आणि तो इतिहासाला सोडूनही नाही. नॉटिंगहॅममध्ये १७३० च्या सुमारास चौकटीवर पहिले सुती मोजे विणले गेले तेव्हा त्यांसाठी भारतात कातलेले सूत वापरले होते, अशी त्या धंद्याच्या इतिहासात नोंद आहे. क्रोशाचे बारीक सूत येथे चालते, पण त्याची चकाकी ही मर्सरीकरणाची, म्हणजे सुतावर केलेल्या रासायनिक प्रक्रियेची आहे. ती प्रक्रिया जॉन मर्सर याने १८४४ मध्ये शोधली आणि तिला आजची चमक १८९० च्या सुमारास आली. अठराव्या शतकातले साधे सुती मोजे असे चकाकत नसत. म्हणून सुती मोजा हवा असेल तर बिनचकाकीचे सूत शोधावे. रेशमाचा भास निर्माण करायचा असेल तर मात्र चकाकीचे सूत प्रकाशझोतात उत्तम काम देते. तडजोड करायला हरकत नाही, फक्त ती आपण करतो आहोत हे आपल्याला ठाऊक असावे.

रंगाचा पसारा लहान आहे. पांढरा, राखाडी, काळा, करडा-तपकिरी आणि निळा एवढ्यांत बहुतेक काम भागते. निळ्या लोकरी मोज्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. लंडनमध्ये एलिझाबेथ मॉन्टेग्यू यांच्या बैठकीला बेंजामिन स्टिलिंगफ्लीट हे विद्वान गृहस्थ औपचारिक रेशमी मोज्यांऐवजी रोजचे निळे लोकरी मोजे घालून येत, आणि त्यावरून पुढे विदुषी स्त्रियांना इंग्रजीत ‘निळे मोजे’ असे काहीसे चेष्टेचे नाव पडले. आपल्याला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की निळा लोकरी मोजा घरगुती आणि पांढरा रेशमी मोजा समारंभाचा, हा फरक तेव्हाच्या माणसाला एका नजरेत कळत होता.

सुया आणि टाक्यांची घनता

मोजा गोल विणायचा असल्यामुळे दोन्ही टोके अणकुचीदार असलेल्या, पोलादी, पाच सुयांचा संच लागतो. चार सुयांवर टाके राहतात आणि पाचवीने विणायचे. आपल्याकडे अनेक घरांत सायकलच्या चाकाच्या आऱ्या घासून मोज्यांच्या सुया केल्या जात; ती युक्ती चांगली आहे, पण आरी साधारण २ मिलिमीटर जाड असते आणि आपल्याला १.२५ ते १.५ मिलिमीटरची सुई हवी आहे. तेवढ्या जाडीची ताठ स्टेनलेस स्टीलची तार वीस-बावीस सेंटिमीटरचे तुकडे करून, टोके बारीक पॉलिश कागदावर घासून, वापरता येते. टोक फार तीक्ष्ण करू नये, नाहीतर सूत चिरते आणि बोटही.

या लेखातील सगळी आकडेमोड इंचाला १० टाके आणि १४ फेऱ्या या घनतेवर केली आहे. हा हाताच्या चांगल्या लोकरी मोज्यासाठी मध्यम बारीकपणा आहे. लीच्या पहिल्या चौकटीवर इंचाला ८ सुया होत्या आणि पुढे रेशमासाठी त्याने त्या २० पर्यंत नेल्या, यावरून उंची मोजे किती बारीक असत याची कल्पना येईल. याउलट इंचाला सहा-सात टाक्यांचा मोजा कितीही प्रामाणिकपणे विणला तरी आजच्या स्वेटरची बाही पायात चढवल्यासारखा दिसतो. वेळ वाचवायचा असेल तर नक्षी सोडावी, घनता सोडू नये.

नमुना सपाट विणू नये. गोल विणताना उलट ओळ येत नाही, त्यामुळे हाताचा ताण बदलतो. ६० टाक्यांची चार इंच लांब नळी विणावी, ती धुवावी, सपाट वाळवावी आणि मगच इंचामागचे टाके आणि फेऱ्या मोजाव्यात. न धुतलेल्या नमुन्यावर विश्वास ठेवून मी एकदा पूर्ण पोटरी उसवली आहे.

पायाचे माप

चार घेर मोजावेत: गुडघ्याच्या वर दोन-तीन इंचांवर, गुडघ्याच्या लगेच खाली, पोटरीच्या सर्वांत भरलेल्या जागी आणि घोट्याच्या वरच्या सर्वांत बारीक जागी. त्याखेरीज पायाच्या चवड्याचा घेर, पावलाची लांबी आणि जमिनीपासून या प्रत्येक जागेची उंची लिहून घ्यावी. माप उभ्या माणसाचे घ्यावे; बसल्यावर पोटरी बदलते.

उदाहरण म्हणून गुडघ्यावर १५ इंच, पोटरी १४ इंच, घोट्यावर ९ इंच, चवडा ९ इंच आणि पाऊल १० इंच असा पाय धरू. लोकर थोडी ताणते म्हणून प्रत्येक घेरातून सहा टक्के वजा करावेत आणि घनतेने गुणावे. सुतासाठी तीन-चार टक्केच वजा करावेत, कारण सूत ताणले की परत येत नाही. गुडघ्यावर १४१, पोटरीला १३१ आणि घोट्याला ८५ टाके असे आकडे मिळतात. तिन्ही विषम आहेत, कारण मागच्या बाजूला मधोमध एक टाका वेगळा ठेवायचा आहे.

त्या टाक्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. कापडाच्या शिवलेल्या मोज्यांना आणि चौकटीवरच्या मोज्यांना मागे खरी शिवण असे. हाताचा मोजा गोल, बिनशिवणीचा. तरी त्यावर मागे एक उलट टाका विणून शिवणीची रेघ काढत. ती शोभेची आहे असे वाटते, पण विणणाऱ्याला तिचा खरा उपयोग खुणेसाठी होतो. फेरी तिथे सुरू होते, टाके तिच्या दोन्ही बाजूंना कमी होतात, आणि टाच मधोमध आली की नाही हेही तीच सांगते. ही रेघ नसलेला मोजा त्या काळचा वाटत नाही. मी ती एक फेरी उलट, एक फेरी सुलट अशी विणतो, त्यामुळे ती उठून दिसते पण खोल जात नाही.

गुडघ्यापासून घोट्यापर्यंत

दोन सुया एकत्र धरून त्यांवर सैलसर १४१ टाके घालावेत आणि मग एक सुई काढून घ्यावी. टाके चार सुयांवर वाटून, पीळ पडलेला नाही हे पाहून, गोल जोडावेत. पहिल्या ७ फेऱ्या, एक फेरी सुलट आणि एक फेरी उलट, अशा आलटून पालटून विणाव्यात. या अर्ध्या इंचाच्या काठाचे काम फक्त कड गुंडाळू न देण्याचे आहे, पकडून ठेवण्याचे नाही. म्हणून येथे दोन-दोनची ताणपट्टी घालण्याचा मोह टाळावा.

पुढे मागचा टाका सोडून सगळे सुलट. ४२ फेऱ्या सरळ झाल्यावर गुडघ्याखालची घट सुरू करावी. घटीची फेरी अशी: मागचा टाका विणून एक सुलट, मग एक टाका न विणता उजव्या सुईवर सरकवावा, पुढचा सुलट विणावा आणि सरकवलेला टाका त्यावरून ओलांडून सोडावा, फेरीच्या शेवटी तीन टाके उरेपर्यंत सुलट, मग दोन एकत्र सुलट आणि एक सुलट. एका घटीत दोन टाके जातात. दर ६ व्या फेरीला अशी घट पाच वेळा केली की १३१ टाके उरतात. याच जागेवर गेटिस बांधले जाते.

पोटरीसाठी ४९ फेऱ्या, म्हणजे साडेतीन इंच, सरळ जावे. ज्याची पोटरी फार भरलेली आणि गुडघ्याखालचा भाग बारीक असेल त्याच्यासाठी येथे आणखी तीन घटी करून टाके १२५ वर आणावेत आणि नंतर तितक्याच वाढी करून १३१ वर परत यावे. त्या काळी पुरुषाची पोटरी ही दाखवण्याची गोष्ट होती, त्यामुळे एवढा खटाटोप अनाठायी नाही.

आता खरे काम. १३१ वरून ८५ वर यायचे म्हणजे ४६ टाके, म्हणजे २३ घटी. दर ५ व्या फेरीला एक घट केली तर ११५ फेऱ्या लागतात, म्हणजे सव्वाआठ इंच, आणि पोटरीपासून घोट्यापर्यंतचे अंतर साधारण तेवढेच भरते. ज्याच्या पायाचे अंतर वेगळे असेल त्याने फेऱ्यांना घटींनी भागून आपला आकडा काढावा. पूर्णांक आला नाही तर सुरुवातीच्या घटी जवळ आणि शेवटच्या थोड्या लांब ठेवाव्यात, कारण पोटरीच्या खाली पाय आधी झपाट्याने आणि मग हळूहळू बारीक होतो. मधूनमधून मोजा पायावर चढवून पाहावा. मागे सुरकुत्या पडत असतील तर घटी कमी पडत आहेत. मागची रेघ ताणून वाकडी होत असेल तर जास्त झाल्या आहेत.

घोट्याशी २८ फेऱ्या सरळ विणाव्यात. आतापर्यंत २७१ फेऱ्या, म्हणजे सुमारे साडेएकोणीस इंच झाले आहेत. टाचेची पट्टी धरून एकूण उंची बावीस इंचांच्या जवळ जाते, ती मध्यम उंचीच्या पुरुषाच्या गुडघ्यावर दोन-तीन इंच पुरते.

घोट्याच्या दोन्ही बाजूंना नक्षी हवी असेल तर तिची सुरुवात घोट्याच्या चार-पाच इंच वर करावी. हाताने विणलेल्या मोज्यात ती सुलट टाक्यांच्या जमिनीवर उलट टाक्यांनी काढलेली उभी आकृती असते, खाली कळीकडे (टाचेजवळच्या त्रिकोणी भागाकडे) रुंद होत जाणारी. आलेख कागदावर आधी काढून घ्यावी. पहिल्या जोडीला मी नक्षी घालायला सांगणार नाही.

टाच

बहुतेक लोक येथे चुकतात, कारण हात सवयीने आजची टाच विणू लागतात. मागेपुढे वळत जाणारी, अर्ध्या ओळींची, वाटीसारखी टाच नंतरच्या काळात रूढ झाली. सतराव्या-अठराव्या शतकातील सामान्य टाच याहून साधी आहे. एक सपाट पट्टी विणायची, ती मधोमध घडी करायची आणि तिची खालची कड एकत्र बंद करायची. लिफाफ्याचा तळ चिकटवावा तसे.

मागच्या टाक्याच्या दोन्ही बाजूंचे एकवीस-एकवीस आणि तो टाका मिळून ४३ टाके एका सुईवर घ्यावेत. उरलेले ४२ टाके पावलाच्या वरच्या बाजूचे. ते दोन सुयांवर स्वस्थ राहू द्यावेत. ४३ टाक्यांवर सपाट, एक ओळ सुलट आणि परतीची उलट, अशा ३६ ओळी विणाव्यात. मागची रेघ येथेही चालू ठेवावी. जास्त टिकावी म्हणून लोकरीबरोबर एक बारीक पदर जादा घेतला तरी चालतो.

शेवटच्या ८ ओळींत, प्रत्येक सुलट ओळीला, मागच्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका कमी करावा. चार वेळा मिळून ८ टाके जातात आणि ३५ उरतात. यामुळे टाचेचा मागचा कोपरा गोलसर होतो. हे केले नाही तर बुटाच्या वर एक टोक बाहेर येते आणि ते दुरूनही दिसते.

आता पुढची सुलट ओळ फक्त अर्धी विणायची: १६ सुलट, मग सतरावा टाका आणि मागचा टाका एकत्र सुलट. सूत बरोबर मध्यावर आले आणि दोन्हीकडे सतरा-सतरा टाके राहिले. पट्टीची सुलट बाजू आत येईल अशी घडी करून दोन्ही सुया समांतर धराव्यात, टोके घडीकडे. तिसऱ्या सुईने पुढच्या आणि मागच्या सुईवरचा एकेक टाका एकत्र विणून, लगोलग बंद करत, घडीपासून पुढच्या कडेकडे यावे. शेवटी एकच टाका हातात राहतो. मोजा उलटवून सरळ केला की टाच तयार झालेली दिसते आणि शिवण तळाखाली, आतल्या बाजूला जाते.

उरलेला टाका पहिला धरून पट्टीच्या उभ्या कडेवरून दर ४ ओळींमागे ३ या हिशेबाने एकूण २७ टाके उचलावेत. मग पावलाचे ४२ सुलट विणावेत आणि दुसऱ्या कडेवरून वरून खाली २७ उचलावेत. एकूण ९६ झाले. उचलताना कोपऱ्याशी भोक पडते. तिथे एक जादा टाका उचलून पुढच्या फेरीत तो शेजारच्याबरोबर एकत्र करावा.

कळी, पाऊल आणि चवडा

फेरीची सुरुवात आता तळव्याच्या मध्याशी आहे. दर ३ ऱ्या फेरीला तळव्याचे पहिले २७ टाके संपताना शेवटचे दोन एकत्र, आणि पावलाचे ४२ झाल्यानंतर लगेच एक सरकवून-ओलांडून घट, अशा दोन घटी कराव्यात. सहा वेळा केल्यावर ८४ टाके उरतात आणि दोन्ही बाजूंना छोटी त्रिकोणी कळी तयार होते. शिंप्याकडची कळी आणि ही कळी एकाच कामाच्या आहेत: अरुंद नळीला वळणाच्या जागी श्वास घ्यायला जागा देणे.

कळीच्या १८ फेऱ्या धरून टाके उचललेल्या जागेपासून एकूण ८४ फेऱ्या, म्हणजे सहा इंच, विणाव्यात. घडीमुळे टाचेचा पावणेदोन इंच भाग आधीच मागे गेला आहे आणि चवड्याला दोन इंच लागतील. बेरीज पावणेदहा येते, ती दहा इंचांच्या पावलाला बरोबर बसते.

चवड्यासाठी ४२ टाके वर आणि ४२ खाली धरावेत. दोन्ही बाजूंना, वरच्या आणि खालच्या अर्ध्याच्या टोकाशी एकेक, अशा एका फेरीत चार घटी कराव्यात. दहा वेळा एक फेरी सोडून एक, मग सात वेळा सलग. आठ-आठ टाके उरले की मोजा आतून उलटवून, टाचेसारखेच तिसऱ्या सुईने एकत्र बंद करावेत. सुईदोऱ्याने अदृश्य जोड करण्याची आजची पद्धत किचनर यांच्या नावाने पहिल्या महायुद्धानंतर प्रसिद्ध झाली. बुटात ती जास्त सुखद लागते हे खरे. रंगमंचासाठी तीच वापरावी, संग्रहालयाच्या प्रतिकृतीसाठी वापरू नये.

या हिशेबाने एका मोज्याला सुमारे ४२ हजार टाके पडतात. मिनिटाला पंचवीस टाके या वेगाने अठ्ठावीस तास. जोडीला सुमारे ८०० मीटर धागा लागतो. शंभर मीटर जास्त घ्यावा आणि उरलेला रफूसाठी जपून ठेवावा.

यंत्रावर

हाताने फिरवायची गोल मोजे-यंत्रे दिसायला इतकी जुनी वाटतात की लोक डोळे मिटून तीच घेतात. पण ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहेत आणि त्यांच्यातील कडीची सुई मॅथ्यू टाउनसेंडच्या १८४० च्या दशकातील पेटंटमधून आली आहे. त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे त्यांच्या नळकांड्यावर सुयांची संख्या ठरलेली असते, त्यामुळे वरपासून खालपर्यंत टाके तेवढेच राहतात आणि पोटरी-घोट्याचा फरक केवळ ताण सैल-घट्ट करून काढावा लागतो. लीची चौकट सपाट होती. तिच्यावर आकार दिलेला तुकडा विणून मागे शिवत. म्हणून आजचे घरगुती सपाट यंत्र, दिसायला प्लास्टिकचे असले तरी, अठराव्या शतकाच्या जास्त जवळ आहे.

साध्या सपाट यंत्रावर सुयांतील अंतर ४.५ मिलिमीटर असते, बारीक यंत्रावर ३.६. शक्य असेल तर बारीक यंत्र घ्यावे आणि अगदी पातळ सूत घट्ट ताणावर चालवावे. यंत्राची घनता धुतलेल्या नमुन्यावरून काढून वरचाच हिशेब करावा, फक्त मागच्या एका टाक्याऐवजी शिवणीसाठी दोन्ही कडांना एकेक टाका जादा धरावा.

घट करताना कडेचे दोन टाके नुसते एकत्र करू नयेत. तीन दातांच्या टाके-सरकवणीने कडेचे तीन टाके उचलून एक सुई आत सरकवावेत. त्यामुळे कड सरळ, शिवायला सोपी राहते आणि शिवणीपासून तिसऱ्या टाक्यावर छोट्या खुणांची रांग उमटते. आकार देऊन विणलेल्या मोज्याची हीच ओळख आहे. जुन्या मोज्यांची छायाचित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट किंवा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मोठी करून पाहिली तर पोटरीच्या मागे असे बारकावे शोधता येतात.

घोट्याशी आल्यावर पूर्ण यांत्रिक मार्ग असा आहे: मधले अर्धे टाके टाकाऊ सुतावर काढून ठेवावेत आणि दोन्ही कडांचे पाव-पाव टाके वेगवेगळे विणून टाचेचे दोन अर्धे तयार करावेत, मग पावलाचा वरचा भाग आणि तळवा स्वतंत्र विणून दोन्ही बाजूंना शिवावे. यात चार शिवणी येतात आणि त्या सपाट न झाल्यास पायाला टोचतात. मला विचाराल तर पोटरी यंत्रावर करावी, मागची शिवण घालावी, घोट्याचे टाके सुयांवर घ्यावेत आणि टाच-पाऊल वरच्या पद्धतीने हाताने पूर्ण करावे. बुटात पाऊल दिसत नाही, पोटरी दिसते. शिवण्यासाठी त्याच धाग्याचा एक पदर वापरावा आणि कडेचा फक्त अर्धा टाका शिवणीत घ्यावा.

धुणे, वाळवणे, बांधणे

विणून झालेला मोजा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावा. लोकरी मोजे त्या काळी किंचित आटवून दाट करत. तसे करायचे असेल तर मोजा दहा टक्के मोठा विणावा आणि कोमट साबणपाण्यात हाताने चोळत, दर दोन मिनिटांनी मोजत जावे. आटलेली लोकर परत येत नाही. नंतर पायाच्या आकाराची, कडा घासलेली पातळ लाकडी फळी आत घालून सावलीत वाळवावा. फळी पायाच्या मापापेक्षा किंचित मोठी असावी. पॅकिंगच्या खोक्यातली पातळ प्लायवूड चालते, पण तिचा रंग ओल्या सुताला लागू नये म्हणून आधी तिला मलमलचे फडके गुंडाळावे.

गेटिस म्हणजे येथे दीड इंच रुंद, साधारण एक मीटर लांब, विणलेली किंवा मागावरची फीत. ती गुडघ्याच्या लगेच खाली दोन वेढे देऊन बाहेरच्या बाजूला बांधावी आणि मग विजारीची पट्टी त्यावर बसवावी. मोज्याचा वरचा काठ विजारीच्या आत राहतो. नटाला पायऱ्या चढायला, मांडी घालायला आणि वाकायला सांगून पाहावे. फीत सरकत असेल तर ती घट्ट न करता तिच्या आतल्या बाजूला खरखरीत लोकरीची पट्टी टाचावी. घट्ट बांधल्यास दुसऱ्या अंकापर्यंत पाय बधिर होतो.

आधी फाटतात ते टाच आणि चवडा. १९५१ मध्ये शेटलंडच्या गनिस्टर येथे दलदलीत सापडलेल्या माणसाजवळ १६८० ते १६९० च्या दशकांतली नाणी आणि विणलेल्या टोप्या, हातमोजे, बटवा, मोजे असा सगळा संसार होता. अशा वस्तू पाहिल्या की त्या काळी विणलेले कपडे किती काळ वापरात राहत हे समजते. पाऊल फाटले तर मोजा टाकू नये. घोट्याच्या सरळ भागात एक टाका कापून एक फेरी उसवावी, मोकळे झालेले ८५ टाके सुयांवर घ्यावेत आणि टाचेपासून नवे पाऊल विणावे. म्हणूनच उरलेला धागा जपून ठेवायचा, आणि म्हणूनच घटी घोट्याच्या वर संपवून खाली दोन इंच सरळ ठेवायचे.